माझ्या यादीतली अकरा घरं

यादी दाराच्या मागे लावली ही माझी चूक. ती मी आधीच मान्य करते, म्हणजे पुढे जे मान्य करणार नाही त्याबद्दल कुणी गैरसमज करून घेऊ नये.

मी लातूरच्या एका तंत्रशाळेत भांडारपाल आहे. पाने, करवती, ड्रिलची पाती, वेल्डिंगचे चष्मे, सगळ्याची नोंद माझ्याकडे. नोंदीत नसलेली वस्तू हरवते, हे नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं. घरीही तीच सवय लागली. किराण्याची यादी, नवऱ्याच्या औषधांची यादी आणि प्रार्थनेची यादी.

ही तिसरी यादी अशी की, ज्यांनी ज्यांनी ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ म्हणून सांगितलं, त्यांचं नाव, घर आणि विषय. दर बुधवारी संध्याकाळी सहाला आमच्या घरी प्रार्थना असते. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, आठ-नऊ बायका येतात. नवरा पेटी वाजवतो. दोन गाणी, शास्त्रवाचन, मग यादी वरून खालपर्यंत. एकही नाव गाळायचं नाही. शेवटी चहा.

हे वळण नांदेडचं. माझी आई तिथल्या एका दवाखान्यात आया होती. पहाटे साडेपाचला घरात प्रार्थना व्हायची आणि ती झाल्याशिवाय चहा मिळत नसे. ताप असो, परीक्षा असो, पाहुणे असोत. एकदा मी म्हणाले, आज मन लागत नाही. ती म्हणाली, “मन लागलं म्हणून बसायचं नसतं. बस. मन येईल मागून.” तिची यादी तोंडपाठ होती. वॉर्डातले सगळे पेशंट, त्यांच्या खाटांच्या क्रमानं. तिला लिहिता येत नव्हतं. मला येतं, आणि तिथंच घोळ झाला.

आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही. ज्या दिवशी येतो त्या दिवशी सगळ्या बायका मोटार लावून, पाइप धरून बाहेर असतात आणि मोटारीच्या आवाजात पोटातलं ओठांवर येतं. मी कुणाच्या दारात जाऊन ‘आमच्यात या’ म्हटलेलं नाही. पत्रक वाटलेलं नाही. पण एक दिवस समोरची म्हातारी म्हणाली, “बाई, तुमच्या देवाला माझ्या गुडघ्याचं बी सांगा की.”

“सांगते. कुठला गुडघा?”

“उजवा. डाव्याचं मी बघते.”

मी घरी येऊन लिहिलं: समोरच्या आजी, उजवा गुडघा. मग हळूहळू इतरांचीही आली. नातवाची परीक्षा, जावयाची दारू, भावाचं ऑपरेशन. दोन वर्षांत मंडळीबाहेरची अकरा घरं यादीत आली. पुठ्ठ्यावर कागद चिकटवून, पट्टीनं रकाने आखून मी त्या अकरा घरांची यादी पुढच्या खोलीच्या दारामागे टांगली. प्रार्थनेच्या वेळी उठून आत जायला नको, म्हणून.

नववी ओळ एका सुनेची होती. तिनं मला मोटारीच्या आवाजाआड, खाली बघत सांगितलं होतं. मी तिच्या नावापुढे ते जसंच्या तसं उतरवलं: लग्नाला पाच वर्षं, मूल नाही.

गल्लीतला एक जण शिडी मागायला आला. आमची शिडी त्याच दारामागे उभी असते. मी चहा टाकायला आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर माझी यादी होती. रकाने सरळ, अक्षर स्वच्छ, दहा नावं स्पष्ट वाचता येत होती. खाली लिहिलं होतं, ‘धर्मांतराची यादी. आपापली घरं बघून घ्या.’ फोटो कुणी काढला ते मला माहीत आहे. इथं लिहीत नाही, कारण आता त्याच्यासाठीही प्रार्थना करावी लागते.

दुपारी घरमालक आले. ते वरच्या मजल्यावर राहतात. गंजगोलाईजवळ त्यांचं बियाण्यांचं दुकान आहे. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, शब्दाचे पक्के. सगळे त्यांना अप्पा म्हणतात, बायकोला आक्का. नऊ वर्षांत आमचं कधी वाजलं नव्हतं. अप्पा नेहमी आत येऊन बसतात. त्या दिवशी उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

“बाई, माझं तुम्हाला काही म्हणणं न्हाई. पण सकाळधरून चार लोक दुकानावर येऊन बसून राहिले. गिऱ्हाईक आत येईना.”

“काय म्हणतात ते?”

“प्रार्थना बंद करायला लावा म्हणतात. न्हाईतर घर खाली करून घ्या म्हणतात.”

“आणि तुम्ही काय म्हणता?”

अप्पांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. “मी म्हणतो, थोडे दिवस थांबा.”

“थोडे म्हणजे किती बुधवार?”

“आता ते मी काय सांगू?”

“मग जमणार नाही, अप्पा. आकडा सांगितला असता तर विचार तरी केला असता.”

“लई हट्टी बाई,” ते जिन्याला सांगत सांगत वर गेले.

संध्याकाळी आमच्या चर्चच्या पाळकांचा, म्हणजे धर्मगुरूंचा, फोन आला. भले गृहस्थ आहेत, पण त्यांच्यावर सगळ्या मंडळीची जबाबदारी आहे. ते म्हणाले, “ताई, बुधवारचं काही दिवस चर्चमध्ये घेऊ या.”

“चर्चमध्ये रविवार आहेच, पाळकसाहेब. बुधवार घराचा आहे.”

“मला तुमची काळजी वाटते.”

“मग मला तुमच्या यादीत घाला.”

त्या बुधवारी नऊपैकी तीन बायका आल्या. बाकीच्यांना मी दोष देत नाही. कुणाचा मुलगा अप्पांच्या दुकानावर बसलेल्या पोरांबरोबर एकाच कारखान्यात जातो, कुणाचा नवरा आधीच कुरकुरतो. मी सतरंजी नेहमीसारखी पूर्ण अंथरली. अर्धी दुमडून ठेवली असती तर येणाऱ्या तिघींना आणखी एकटं वाटलं असतं. दार उघडं ठेवलं. दुसरं गाणं सुरू असताना पाच तरुण दारात येऊन उभे राहिले. पुढच्यानं मोबाइल वर धरला.

“इथं काय चालू हाय?”

“प्रार्थना,” मी म्हटलं. “चपला बाहेर काढा आणि बसा. खुर्च्या तीन आहेत, दोघांना सतरंजीवर बसावं लागेल.”

“आम्ही बसायला न्हाई आलो.”

“मग दारातून जरा बाजूला व्हा. वारं अडतंय.”

मागचा एक जण हसला आणि लगेच गप्प झाला. पुढच्यानं मोबाइल त्या तीन बायकांकडे वळवला. “काय देतात इथं तुम्हाला? खरं सांगा.”

तिघींतली सगळ्यात मोठी म्हणजे नगरपालिकेतून निवृत्त झालेल्या सफाई कामगार. आयुष्यभर त्यांनी लोकांची बोलणी खाल्ली आहेत आणि त्यातलं एकही वाया जाऊ दिलेलं नाही. त्या म्हणाल्या, “चहा. त्यात बी साखर कमी. बाईला शुगर हाय, म्हणून आम्हाला शिक्षा.”

नवरा पेटी वाजवत होता. दोनदा सूर चुकला, पण भाता थांबला नाही. पोरांनी घोषणा दिल्या, थोडा वेळ उभे राहिले. यादी वाचायची वेळ आली तेव्हा मी यादी हातात घेतली आणि वाचली नाही. फोन चालू होता. मनातल्या मनात एकेक ओळ घेतली. ते कंटाळले. जाताना पुढचा म्हणाला, “पुढच्या बुधवारी बघतो.”

“सहाला या,” मी म्हटलं. “आज उशीर केलात.”

मला भीती वाटली होती हे लिहायला हवं. ते गेल्यावर मी कपबशा विसळायला उभी राहिले ते ओट्याला टेकण्यासाठी. पण भीती वाटणं वेगळं आणि थांबणं वेगळं. पहिलं माझ्या हातात नाही, दुसरं आहे.

मला खरा त्रास त्या पोरांचा नव्हता. नवव्या ओळीचा होता. तिची गोष्ट मी शंभर मोबाइलमध्ये पोचवली होती. प्रार्थना करणं हा माझा गुन्हा नव्हे आणि मी तो कुणासमोर कबूल करणार नव्हते. पण विचारल्याशिवाय लिहिलं, आणि लिहून टांगलं, हे माझंच काम होतं.

रविवारी चर्चमधून येऊन जेवलो. मी यादी खिळ्यावरून काढली, काळा पेन घेतला आणि चपला घातल्या.

नवरा म्हणाला, “अगं, आणखी कशाला आगीत तेल?”

“ज्यांची नावं आहेत त्यांना विचारायला नको?”

“ते आधी विचारायचं होतं.”

“म्हणून तर आता चालले.”

पहिल्यांदा नववं घर. दार सासूनं उघडलं. “आता काय ऱ्हायलंय? फोटो काढायला आलाव का?”

“माफी मागायला आले. तुमची आणि तिची.”

सून आतून आली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, पुठ्ठ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “तुला न विचारता लिहिलं. माझं चुकलं. तू सांगशील तसं करते.”

“खोडा,” ती म्हणाली.

मी उंबऱ्यावर पुठ्ठा टेकवून खोडलं. एकदा नाही, अक्षराचा मागमूस राहणार नाही इतक्या वेळा. खोडून होईपर्यंत ती उभी होती. मग आत गेली. सासू म्हणाली, “झालं समाधान?” मी पेनाला टोपण लावलं आणि पायरी उतरले.

तिथंच मी नियम ठरवला: ज्याचं दुखणं, त्याचा शब्द. सांगणारा कुणीही असो.

मग उरलेली घरं घेतली. एका शिक्षकांनी मला ओळखच दाखवली नाही. “मी असं काही सांगितलंच नव्हतं,” म्हणाले. त्यांच्या मुलीच्या लग्नाबद्दल ते स्वतः माझ्या दारात येऊन बोलले होते. मी वाद घातला नाही, खोडलं. एका घरानं खिडकीतूनच हात हलवला. खोडलं. जावयाची दारू सांगितलेल्या बाईनं इकडेतिकडे बघून दार लोटलं आणि फटीतून म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. पण जावयाचं नाव नका लिहू, नुसतं दारू लिहा.” धर्माबादहून इथं सून म्हणून आलेली, मिरचीच्या व्यापाऱ्याची मुलगी म्हणाली, “अय्यो, माझ्या भावाचं ऑपरेशन कधीच झालं, बरा हाय. आता माझ्या आईचं लिहा, तीच म्हणाली.” आणि समोरच्या आजी तर चिडल्याच.

“मला इचारायला आलीस? उजवा थोडा हलका झालाय, आणि तू आता खोडतीस?”

“खोडत नाही, आजी. विचारते फक्त.”

“त्या पोरांना सांग, गुडघा माझा हाय. आणि आता डावा बी घाल, मला एकटीला आवरंना.”

दहा घरांत पाच खोडली, पाच राहिली. त्यात एकाचा विषय बदलला, एकाचं नाव गेलं, एकाचा गुडघा वाढला.

अकराव्या घरासाठी मी जिना चढले. फोटोत दहाच ओळी आल्या होत्या, कारण शेवटची ओळ शिडीच्या टोकाआड गेली होती. ती मी लिहिली होती आक्कांच्या सांगण्यावरून. गच्चीवर तूर वाळत घालताना त्या बोलल्या होत्या. अप्पा दुपारची झोप काढून उठले होते. मी पुठ्ठा त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं: अप्पा, छातीत दुखतं, डॉक्टरकडे जात नाहीत.

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे कुणी सांगितलं?”

“मी,” आक्का आतून म्हणाल्या. “जिना चढताना तीनदा बसता. भिंतीला सांगून सांगून कटाळले.”

“घरातलं बाहेर सांगायचं?”

“घरातलं घरात कोण ऐकून घेतंय?”

“खोडा हे,” अप्पा मला म्हणाले.

“खोडू नका,” आक्का म्हणाल्या.

मी पेनाचं टोपण हातात धरून उभी. मन आक्कांच्या बाजूनं होतं. पण नियम दुपारपासून पाळत आले होते आणि तो पहिल्याच अवघड जागी मोडायचा म्हणजे नियम कसला. मी अकरावी ओळ खोडली. आक्कांनी मान फिरवली.

अप्पांचा चेहरा सैलावला. “बघा, ऐकता येतं तुम्हाला. मग बुधवारचं बी ऐका. बंद करा म्हणत न्हाई मी. दार लावून घ्या, पेटी नको, आवाज नको. त्या पोरांना मी सांभाळतो. ऱ्हावा तुम्ही, मी काही तुम्हाला काढून ऱ्हायलो न्हाई.”

माणूस भला होता आणि बोलणंही भलं होतं. नवरा सोबत असता तर हो म्हणाला असता. नऊ वर्षांचं घर, शाळा दहा मिनिटांवर, खालचा मजला. हे सगळं मी तिथं उभ्या उभ्या मोजलं.

“नाव तुमचं होतं, अप्पा, म्हणून खोडलं,” मी म्हटलं. “बुधवार माझा आहे. आज दार लावलं तर उद्या म्हणतील, आत लपून काय करता. आणि त्या वेळी माझ्याकडे दाखवायला काही नसेल. दार उघडं राहील, पेटी वाजेल.”

“मग घर बघा, बाई.”

“बघते. महिनाअखेर किल्ली देते.”

खाली आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो काही वेळ पेटीच्या पट्ट्या पुसत बसला. मग म्हणाला, “तळमजलाच बघ. ही वर चढवणं माझ्यानं व्हायचं नाही.” एवढंच.

घर शोधायचीही मी पद्धत ठरवली. भाडं, पाणी, पार्किंग हे सगळं नंतर. आधी उभ्यानंच सांगायचं: आम्ही ख्रिस्ती आहोत, बुधवारी सहाला प्रार्थना असते, आठ-दहा माणसं येतात, पेटी वाजते, दार उघडं असतं. जमत असेल तर आत येते. सहा ठिकाणी आत जावं लागलं नाही. एकानं ‘घर कालच दिलं’ म्हणून सांगितलं. पाटी आज सकाळी लावली होती. एकीनं विचारलं, “हे सांगायची काय गरज होती? तुमच्या नावावरून कळलं नसतं.” मी म्हटलं, “म्हणूनच सांगितलं.” सातवं घर रेणापूर नाक्याच्या पुढे, एका निवृत्त शिक्षिकेचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “पेटी सुरात वाजते का?”

“बहुतेक वेळा.”

“मग चालेल. माझ्या माहेरी भजनी मंडळ होतं. बेसूर वाजलं तर मात्र मी येऊन बोलणार.”

जुन्या घरात तीन बुधवार उरले होते. तिन्ही केले. पोरं एकदा आली, पाचऐवजी तीन; पुढच्या वेळी आली नाहीत. बायका तीनच्या चार झाल्या, मग पाच. यादीत राहिलेली पाच घरं वाचली. खोडलेली सहा वाचली नाहीत. ती आता कागदावरही नाहीत आणि माझ्या तोंडीही नाहीत. मनात काय चालतं ते मात्र खोडायला मला कुणी सांगितलेलं नाही आणि सांगितलं तरी ऐकणार नाही. नवी यादी वहीत केली. वही कपाटात. विचारल्याशिवाय एकही नाव नाही आणि विषय लिहायचा तर त्या माणसाला वाचून दाखवून.

सामान हलवलं तो शनिवार होता. टेंपो भरला, किल्ली अप्पांच्या हातात दिली. त्यांनी ती खिशात टाकली आणि पुन्हा बाहेर काढून बघितली. आक्का जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. ओळ खोडल्यापासून त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या.

“तिकडं बी बुधवारीच का?” त्यांनी विचारलं.

“बुधवारी. सहाला.”

“मी येणार हाय.”

अप्पा म्हणाले, “मी सोडायला येणार न्हाई.”

“रिक्षा हाय की.”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, अप्पाची बायको त्याच्या छातीचं सांगायला रिक्षानं जाते. तुम्ही डॉक्टरकडं चला, मग न्हाई जात मी. बोला.”

अप्पांनी किल्ली परत खिशात टाकली. हमालानं टेंपोची फळी लावली आणि आम्ही निघालो.

नव्या घरातला पहिला बुधवार. खोकी अजून भिंतीला लागून होती. सतरंजी अंथरली, पेटी काढली. पाच जणी आल्या. दोघींना दोन रिक्षा बदलाव्या लागल्या. घरमालकीणबाई दारात खुर्ची टाकून बसल्या, सूर तपासायला. मी आक्कांसाठी एक खुर्ची वेगळी ठेवली होती, त्यांना खाली बसवत नाही. सहाला पाच कमी असताना फोन वाजला.

“बाई, मी काही येत न्हाई आज,” आक्का म्हणाल्या. मागे गलका होता, कुणीतरी नंबर पुकारत होतं. “दवाखान्यात येऊन बसून राहिलो आम्ही दोघं. बारावा नंबर हाय. हे मघापासून उठून घरी जातो म्हणतात, मी पिशवी धरून ठेवलीय. तुम्ही चालू केलं का?”

“पाच मिनिटं आहेत.”

“मग ठेवा फोन. करा चालू.”

मी ठेवला. ती रिकामी खुर्ची घरमालकीणबाईंच्या खुर्चीशेजारी नेऊन ठेवली, दार आणखी थोडं ढकलून सताड उघडलं आणि नवऱ्याला मान हलवून खूण केली.